संग्रहालयाचा आधुनिक-समकालीन कलेचा हंगाम: सगळं बघायचं की एकाच चित्रापाशी परत परत जायचं?

निळीशाई

मंडळी, संग्रहालयाने या हंगामात तीन प्रदर्शनं एकदम उघडली आहेत. खालच्या दालनात अमूर्त चित्रांचं, वर कागदावरच्या कामांचं आणि मागच्या मोठ्या दालनात समकालीन मांडणशिल्पं आणि व्हिडिओ. पहिल्या दिवशी मी तिन्ही बघितली. तीन तास उभी होते, प्रत्येक पाटी वाचली, पाय भरून आले. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी विचारलं, काय काय होतं? आणि मला एकही चित्र डोळ्यांसमोर आणता येईना. पाट्यांवरची वाक्यं मात्र आठवत होती.

फार वाईट वाटलं. म्हणून आठवड्याने पुन्हा गेले, या वेळी ठरवून. फक्त वरचं दालन, आणि तिथेही एकच काम: नसरीन मोहम्मदी यांचं शाई आणि पेन्सिलीतलं रेखाटन. लांबून ते करड्या धुक्यासारखं दिसतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढून चालत निघून गेले होते. जवळ गेल्यावर कळलं की धुकं वगैरे काही नाही, सगळ्या रेघाच आहेत. समांतर, अगदी केसाएवढ्या. काही शाईच्या, काही पेन्सिलीच्या, आणि दोन रेघांमधलं अंतर एका बाजूला हळूहळू कमी होत जातं. जिथे अंतर कमी होतं तिथे कागदच वळल्यासारखा वाटतो. एका रेघेच्या टोकाला, पेन उचललं असेल त्या जागी, शाईचा सुईच्या टोकाएवढा ठिपका आहे. तो दिसला आणि मला तिचा हात दिसला. श्वास रोखून ओढलेली रेघ, मग थांबणं, मग पेन उचलणं.

नसरीन १९३७ साली जन्मल्या, १९९० मध्ये गेल्या. बडोद्याच्या कलाशाळेत शिकवत असत. शेवटच्या वर्षांत आजारामुळे हातावरचा ताबा सुटत चालला होता, आणि त्याही काळात त्या अशा रेघा काढत होत्या. कामांना शीर्षकं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक आणि समकालीन कलेसाठी नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांमध्ये एक यांचं होतं.

तर धागा यासाठी: तुम्ही असा हंगाम कसा बघता? मला आता वाटायला लागलंय की सगळं बघण्याचा हट्ट हाच मुळात चुकीचा आहे.

---

गणेशवेल

अगदी माझ्या मनातलं लिहिलंत, निळीशाई. हा थकवा खरा आहे आणि जुना आहे. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये त्यावर लेख लिहिला होता. एका माणसाला काचेच्या कपाटांपुढे उभं करून, वाकायला, मान वळवायला लावून त्याचे फोटो काढले आणि दाखवून दिलं की बघणाऱ्याचं शरीर किती दमतं.

दुसरा एक आकडा आहे तो जास्त बोचतो. २००१ मध्ये मेट्रोपॉलिटनमधल्या प्रेक्षकांचा अभ्यास छापून आला. एका चित्रापुढे माणूस सरासरी २७ सेकंद थांबतो, आणि त्यातच पाटीही वाचतो! कित्येकांचा वेळ तर त्याहून कमी. ज्या चित्राला करणाऱ्याने महिना दिला, त्याला आपण बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढाही वेळ देत नाही.

---

सांजपक्षी

+१. मी नेहमी शेवटच्या दालनापासून सुरुवात करते. पहिल्या दालनात गर्दी, शेवटच्यात दमलेली माणसं. उलट गेलं की चित्रं मोकळी मिळतात.

---

वाटसरू_७

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. खालच्या दालनात मी गेलो होतो. एका अख्ख्या भिंतीवर एकच रंग. शेजारी जवळजवळ तसाच दुसरा. माझ्या बाजूला दोघं जण हळू आवाजात "काय खोली आहे" म्हणत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं. मी थट्टा करत नाहीये. मला खरंच आत जायचं आहे आणि दार सापडत नाही. नसरीनबाईंच्या रेघांमागची मेहनत तरी समजते. पण एक काळा चौकोन काढला आणि तो शंभर वर्षं जपला, यात नेमकं काय आहे? कोणी नीट सांगेल का?

---

चौकटीबाहेर

वाटसरू, प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो दाबून ठेवणारे जास्त आहेत.

काळा चौकोन म्हणालात तर रशियन चित्रकार मालेविचचाच घ्या. डिसेंबर १९१५, पेट्रोग्राड. युद्ध चालू आहे. मालेविचने तो चौकोन भिंतीच्या मधोमध लावला नाही, खोलीच्या कोपऱ्यात वर, छताजवळ लावला. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती जागा माहीत होती. म्हणजे चौकोन काय आहे यापेक्षा तो कुठे लावलाय हे बघून लोक हादरले. आज तो इतर चित्रांसारखा सरळ भिंतीवर असला की तो धक्का आपल्यापर्यंत पोहोचत नाही. हे प्रेक्षकाचं अज्ञान नाही, संदर्भ निसटलाय.

आणि तो नुसता काळाही नाही. रंगाला भेगा गेल्या आहेत आणि भेगांतून खालचे रंग डोकावतात. २०१५ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीने तपासणी करून सांगितलं की काळ्याखाली आधीची दोन रंगीत चित्रं आहेत.

"ही कला कशी?" हा प्रश्न तर न्यायालयातही गेलाय. १९२६ मध्ये शिल्पकार ब्रांकुसीचं 'अवकाशातला पक्षी' हे चकचकीत ब्राँझचं शिल्प अमेरिकेत आलं. पंख नाहीत, चोच नाही, नुसती वर झेपावणारी एक निमुळती धार. कस्टमवाल्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याची उपकरणं या सदरात टाकलं आणि ४० टक्के जकात लावली. खटला झाला. शिल्पकार, समीक्षक साक्षीला आले. पक्ष्यासारखं दिसत नाही तर पक्षी कसा, यावर उलटतपासणी झाली. १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला. न्यायाधीशांना ते शिल्प समजलंच होतं असं नाही, पण कलेची एक नवी वाट तयार झाली आहे आणि कायद्याने ती मानली पाहिजे, इतकं त्यांनी मान्य केलं.

तुम्हाला तो भिंतभर रंग आवडलाच पाहिजे असं मुळीच नाही. फक्त एकदा अगदी जवळ जाऊन बघा. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनची काही चित्रं पाच-पाच मीटर रुंद असत. १९५१ च्या प्रदर्शनात त्याने भिंतीवर सूचनाच लावली होती की मोठी चित्रं लांबून बघायची सवय असते, पण ही जवळून बघण्यासाठी आहेत. कडा नजरेबाहेर गेल्या की चित्र ही 'वस्तू' राहत नाही.

---

खिळा_हातोडी

धागा बघून राहवलं नाही. मी बरीच वर्षं प्रदर्शनांच्या मांडणीचं काम केलंय. पेट्या उघडणं, चित्रं टांगणं, दिवे लावणं. पडद्यामागचं थोडं सांगतो, कारण ते माहीत असलं की प्रेक्षक म्हणून आपलं वागणंही बदलतं.

हंगाम का असतो? नवं काही दाखवायचं असतं हे आहेच, पण कागदाला उजेड सोसत नाही हेही तितकंच मोठं कारण आहे. शाई, जलरंग, जुने फोटो, कापड यांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत. तैलरंगांना १५० ते २०० चालतो. निळीशाई, वरचं दालन अंधारं वाटलं असेल ना? आत गेल्यावर लगेच बघायला सुरुवात करू नका, चार-पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. डोळे सरावले की पेन्सिलीच्या फिक्या रेघाही वर येतात. उजेडाने झालेली हानी भरून येत नाही. म्हणून कागदावरचं काम तीनेक महिने दाखवलं की पुढे बराच काळ अंधारात विश्रांतीला जातं.

बाहेरून आलेली चित्रं येतात तेव्हा पेटी लगेच उघडत नाहीत. २४ तास तशीच ठेवतात, म्हणजे आतली हवा दालनातल्या हवेशी जुळते. मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेची नोंद. भिंग आणि तिरपा टॉर्च घेऊन दोघं जण चित्राचा इंच न् इंच बघतात: इथे जुनी भेग, इथे रंगाचा पापुद्रा सुटतोय, इथे चौकटीला टवका. मूळ संग्रहालयाचा माणूस सोबत आलेला असतो आणि दोघं सही करतात. परत जाताना पुन्हा तेच. मला वाटतं चित्र सगळ्यात मन लावून बघितलं जातं ते तेव्हा. तिरप्या उजेडात तुम्हाला ब्रशचा प्रत्येक फटकारा डोंगर-दऱ्यांसारखा दिसतो. काही चित्रांच्या मी असा प्रेमात पडलोय की उद्घाटनाच्या दिवशी समोरून दिवे लागल्यावर ती मला परकी वाटली.

टांगतानाच्या चुकाही होतात. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चित्रकार मातिसचं होडीचं एक कागदकाम ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. लाखभर माणसं बघून गेली. चूक लक्षात आली एका प्रेक्षक बाईंच्या. होडी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब, यात नक्षी वर जास्त असणार की खाली, एवढा साधा विचार त्यांनी केला. चित्रकार मोंद्रियानचं चिकटपट्ट्यांचं एक चित्रही कित्येक दशकं बहुधा उलटंच टांगलेलं आहे. हे २०२२ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाच्या क्युरेटरनी (प्रदर्शन आखणाऱ्यांनी) दाखवून दिलं, पण आता सरळ केलं तर जुन्या पट्ट्या सुटतील म्हणून ते तसंच ठेवलंय.

---

गणेशवेल

वा! दादा, लिहीत राहा. ४७ दिवसांत एकच बाई खरंखुरं बघत होती म्हणायचं.

---

रेवा_०९

माझी एक तक्रार मांडते. कुठलं संग्रहालय ते सांगत नाही. मागच्या वर्षी बाबांना घेऊन एका समकालीन प्रदर्शनाला गेले होते. बाबांची नजर अधू आहे. पाटी करड्या भिंतीवर पांढऱ्या बारीक अक्षरात, ती पण गुडघ्याच्या उंचीवर. बाबा वाकून वाचू लागले तर रखवालदार ओरडला, मागे व्हा. मी शेवटी मोठ्याने वाचून दाखवलं, आणि वाचताना माझ्याच लक्षात आलं की त्या चार ओळींत चित्राबद्दल एक शब्द नव्हता. "अवकाशाच्या राजकारणाची चिकित्सा" असं काहीतरी. बाबा म्हणाले, "ते असू दे, हे कशाचं बनवलंय ते लिहिलंय का?" तेच नव्हतं.

माणूस आधी तेच विचारतो. कशाचं आहे, कसं केलं. त्याचं उत्तर दिलं की पुढचं तो स्वतः बघतो. हे न देता भारी शब्द लिहिणं म्हणजे दारात आलेल्याला उभं ठेवणं आहे. मला अजून राग येतो.

---

पॅलेटनाइफ

रेवा, तुमच्या बाबांचा प्रश्न गायतोंड्यांच्या चित्रांना लावून बघा, सगळं उलगडतं.

वासुदेव गायतोंडे, अमूर्त चित्रं करणारे चित्रकार. जन्म १९२४, नागपूर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, १९४८ मध्ये डिप्लोमा. पुढे त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची, खरवडायची बोथट सुरी) हातात घेतली. रंगाचा एक थर द्यायचा, तो अर्धवट काढायचा, वर पातळ दुसरा, पुन्हा खरवडायचा. त्यामुळे त्यांच्या कॅनव्हासमध्ये उजेड आतून आल्यासारखा वाटतो. तो आतून येतच असतो, खालचा थर वरच्यातून दिसतोय. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं व्हायची. बाकीचा वेळ? विचार करण्यात, नुसतं बसण्यात. २००१ मध्ये ते गेले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं.

वाटसरू, खालच्या दालनात "एकच रंग" म्हणालात ना? तशा चित्राला एकदा कडेने बघा, भिंतीला जवळजवळ गाल लावून (रखवालदाराने परवानगी दिली तर). समोरून जे सपाट दिसतं ते कडेने खडबडीत निघतं. मग पुन्हा समोर या.

---

रंगद्रव्य

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे मला या हंगामांत चित्रांचं म्हातारपण बघायला आवडतं. आधुनिक चित्रकारांनी नवनवे रंग, प्लास्टिक, रबर वापरलं, आणि त्यातलं बरंच टिकणारं नव्हतं.

अमेरिकन चित्रकार रॉथकोने हार्वर्ड विद्यापीठासाठी भिंतीवरची पाच मोठी चित्रं केली. १९६४ मध्ये ती एका जेवणघरात लावली. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. त्याने वापरलेल्या किरमिजी रंगात लिथॉल रेड नावाचं द्रव्य होतं, ते उजेडात टिकत नाही. काही वर्षांत किरमिजीचा फिका निळा झाला आणि १९७९ मध्ये चित्रं काढून कोठीत ठेवावी लागली. वरून रंग द्यायचा तर रॉथकोचं काम झाकलं जाणार. मग २०१४ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाने एक विलक्षण गोष्ट केली. जुने फोटो आणि उजेडापासून वाचलेला एक कॅनव्हास यांवरून मूळ रंग ठरवले आणि प्रोजेक्टरने चित्राच्या प्रत्येक बिंदूवर कमी पडणाऱ्या रंगाचा नेमका तेवढा प्रकाश टाकला. कॅनव्हासला हातही न लावता किरमिजी परत आला. दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करत. लोक मुद्दाम त्या वेळेला थांबत. एका क्षणात रंग उतरायचा आणि समोर खरं, विटलेलं चित्र उभं राहायचं.

मला विचाराल तर त्या दोन्ही अवस्था बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती.

---

चौकटीबाहेर

सुंदर. पण इथे मी जरा अडतो. विटलेलं चित्र प्रकाश टाकून 'पूर्वीसारखं' दाखवणं ठीक आहे का? शिल्पकार इव्हा हेसचं लॅटेक्सचं, म्हणजे रबराचं काम घ्या. लॅटेक्स पिवळं पडलं, कडक झालं, तुटायला लागलं. ती १९७० मध्ये ३४ व्या वर्षी गेली. आपलं साहित्य टिकणार नाही हे तिला ठाऊक होतं. अशी वस्तू नव्याने बनवावी की जीर्ण तशीच दाखवावी?

---

रंगद्रव्य

नव्याने बनवू नये, या मताची मी. तिचं 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' गुगेनहाइमने बरीच मेहनत घेऊन सावरलं आणि २०२२ मध्ये साडेतीन दशकांनी पुन्हा उभं केलं. लॅटेक्सचा रंग गडद झालेला, पण काम तिच्याच हातचं. नव्याने केलेल्यात तिचा हात कुठून आणणार?

---

खिळा_हातोडी

मी मात्र दोन्ही बाजू बघितल्यात. जीर्ण वस्तू हलवताना हातात तिचा तुकडा आला की काय वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत. काही वस्तूंना विश्रांतीच द्यावी, फोटो दाखवावेत.

---

आठवडीबाजार

तुम्ही सगळे टिकवण्याबद्दल बोलताय म्हणून उलट टोकाचं सांगते. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचं एक काम आहे, १९९१ चं. कोपऱ्यात रंगीत कागदांतल्या गोड गोळ्यांचा ढीग. त्याचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. प्रेक्षकाने एक गोळी उचलून न्यायची. ढीग कमी होत जातो. हे त्याच्या जोडीदाराचं, रॉसचं, व्यक्तिचित्र आहे. रॉस एड्सने गेला, त्याच वर्षी.

मी ते बघितलं तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. त्याने गोळी उचलली, कागद सोडला नाही. विचारलं, "सगळ्यांनी घेतल्या तर संपेल ना?" मी म्हटलं, संग्रहालयाची माणसं पुन्हा भरतात. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने गोळी परत ढिगावर ठेवली. अगदी हळू, बाकीच्या घसरू नयेत म्हणून. ती गोळी त्याने का ठेवली ते मी विचारलं नाही.

---

सांजपक्षी

आठवडीबाजार... वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एक छोटी सूचना व्हिडिओंबद्दल. बाहेरच्या पाटीवर लांबी लिहिलेली असते, ती बघूनच आत जा. ख्रिश्चन मार्कलेचं 'द क्लॉक' तर २४ तासांचं आहे, पडद्यावरची घड्याळं आणि आपलं घड्याळ एकच वेळ दाखवतात. ते कोणी अख्खं बघावं अशी अपेक्षा नाही. पण सहा मिनिटांचा व्हिडिओ दोन मिनिटांत सोडून देऊ नये.

---

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. खिळा_हातोडी दादांचं ऐकून काल तिसऱ्यांदा गेले. दारातून आत गेल्यावर पाच मिनिटं नुसती उभी राहिले. आणि खरंच, नसरीनच्या कागदावर शाईच्या रेघांखाली पेन्सिलीच्या फिक्या खुणा दिसल्या. मोजमापाच्या. दोन वेळा बघूनही मला त्या दिसल्या नव्हत्या. तिने आधी अंतरं आखून घेतली होती आणि मग एके ठिकाणी, उजवीकडे खाली, शाईची रेघ आखलेल्या जागेवरून मुद्दाम किंचित वर नेली आहे. कागद वळल्यासारखा वाटतो तो तिथूनच.

---

वाटसरू_७

मी पण जाऊन आलो. पॅलेटनाइफ यांनी सांगितल्याप्रमाणे कडेने बघितलं. रखवालदार आधी साशंक होता, मग त्यानेच कुठे उभं राहायचं ते दाखवलं. रोज आठ तास तो त्या चित्रासमोर असतो. म्हणाला, सकाळी वरच्या झडपेतून उजेड येतो तेव्हा डावीकडची बाजू हिरवी वाटते, दुपारनंतर नाही.

मी पाऊण तास होतो. आवडलं का? अजून सांगता येत नाही. पण तो एक रंग नाही हे नक्की. खाली तांबूस आहे, आणि मधे एक आडवा पट्टा आहे तिथे रंग काढून घेतलाय, लावलेला नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मला दिसलं. आता सकाळचं जाऊन ती हिरवी बाजू बघायची आहे. तिन्ही प्रदर्शनं एकाच वेळी उतरणार का, कुणाला माहीत आहे?

---

खिळा_हातोडी

कागदावरची कामं आधी उतरतात, तैलरंग शेवटी. तेव्हा वाटसरू, हिरवी बाजू थोडी थांबेल. आधी वर जाऊन निळीशाईंची ती रेघ बघून घ्या. उजवीकडे, खाली.